पाटी मोठी झाली, अक्षराचे काय?

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सारी डोंबिवली नटूनथटून जमते. मीही त्या गर्दीत असतो. पण नजर माणसांवर ठरत नाही, दुकानांच्या पाट्यांकडे जाते. तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवल्याची ही खोड! आणि खरे सांगतो वाचकहो, ऐन सणात जीव हळहळतो.

२०२२ साली कायदा झाला: पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नको. उत्तम झाले. पण आम्ही अक्षराची उंची मोजली आणि कर्तव्य संपले असे मानले. शिरोरेघ तुटलेली, वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर, जोडाक्षराची फाळणी. याला दंड नाही. कोणी म्हणेल, "मास्तर, वाचता आले की झाले!" मग दारातली रांगोळीही खडूच्या चार रेघांत का उरकत नाही?

र. कृ. जोशी यांनी हा प्रश्न जन्मभर अंगावर घेतला. १९३६ चा जन्म, जे. जे.त शिक्षण, 'उल्का' या जाहिरातसंस्थेत नावलौकिक. तिथेच स्वस्थ बसते तर कोणी बोट ठेवले नसते. पण त्यांनी सुलेखनात प्रयोग केले, भारतीय भाषांना एका लिपीत आणू पाहणाऱ्या 'देशनागरी'चा ध्यास घेतला, १९८३ ते १९९६ पवईच्या आय. आय. टी.त विद्यार्थी घडवले आणि संगणकाला आपल्या लिप्या शिकवल्या. २००८ साली ते गेले. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा त्यांचाच टंक. कचेऱ्यांतल्या कितीतरी अर्ज-नोटिसा त्या अक्षरांत निघाल्या. त्या हाती घेणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

'मंगल'मधला ल हिंदी वळणाचा आहे, कारण तो टंक साऱ्या देवनागरीसाठी घडवला होता. मराठीचा पाकळीदार ल शासनाने २००९ च्या निर्णयात नक्की केला. आता कल्याण आणि डोंबिवली, दोन्ही नावांत ल आहे. तो पाटीवर नीट उमटवायला बाहेरून कोण येणार?

पण दुकानदाराला एकट्याला का झोडपू? परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो, हे मी निमूट सोसले. एका विद्यार्थिनीचा हात अक्षरांवर विलक्षण बसे. तिचे वडील म्हणाले, "अक्षरे काढून पोट भरते का, सर?" मी गप्प राहिलो. जोशींचे नाव तेव्हा मलाही ठाऊक नव्हते! ती मुलगी अक्षरांकडे पुन्हा वळली नाही. ते माझे ऋण आहे.

म्हणून सांगतो: पाडव्याला नवी पाटी लावाल, तर ती अक्षर जाणणाऱ्याकडून करवून घ्या आणि त्याला दाम द्या. आणि घरातले पोर अक्षर घोटत बसले, तर त्याला उठवू नका.