पाणमांजर चोर आहे काय?

नदीकांठच्या गांवांत पाणमांजराला चोर म्हणण्याची चाल जुनी आहे. जाळें फाटलें कीं पाणमांजर, तळ्यांतले मासे घटले कीं पाणमांजर! आम्हांस हा न्याय एकतर्फी वाटतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं तो पुन्हां तपासून पाहावा, अशी आमची विनंति आहे.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊं. आपल्या नद्या, तलाव व खाड्या यांत आढळणारें मऊ केसांचें पाणमांजर साधारणतः ७ ते ११ किलो वजनाचें असतें. त्याच्या बोटांमध्यें पडदा असतो, शेपटी चपटी असते, व बुडी मारतांच नाकपुड्या मिटतात. दाट केसांत हवा धरून राहिल्यानें थंड पाण्यांतही त्याचें अंग ऊबदार राहतें. ह्याच केसांच्या लोभानें मनुष्यानें त्याची फार शिकार केली. हा प्राणी कुटुंबवत्सल आहे. आंधळ्या जन्मलेल्या पिलांस आई पुढें स्वतः पोहावयास शिकविते.

आतां आरोपाकडे वळूं. गरीब कोळ्याचें जाळें फाटलें तर त्याचें नुकसान खरें आहे. तें आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. परंतु नदीचे मासे पाणमांजरानें संपविले म्हणावें, तर हजारों वर्षें तें व मासे एकाच डोहांत कसे नांदले? डोहांत सुरुंग उडविणारा, कारखान्याचें घाण पाणी सोडणारा, वाळूचा बेसुमार उपसा करणारा, हे सर्व मनुष्यच नव्हेत काय? कांठ खणला, झाडें तोडलीं, कीं पाणमांजराचें बीळही जातें. उलट, बांगलादेशांतील नराइल जिल्ह्यांत कोळ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या हेंच पाणमांजर पाळून त्याच्याकडून मासे जाळ्याकडे हांकून घेतले आहेत. म्हणजे मनुष्याचें व त्याचें वैर अटळ नाहीं.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीस मनाई आहे, आणि २०१९ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. तथापि प्रत्येक डोहावर शिपाई उभा करितां येत नाहीं. तेथें गांवकऱ्यांची सद्‌बुद्धीच उपयोगी पडते.

विद्यार्थीमित्रहो, सुटींत गांवीं जाल तेव्हां ओल्या वाळूंत पांच बोटांचे ठसे व माशांच्या खवल्यांनीं भरलेली विष्ठा शोधा. तीं दिसल्यास दगड उचलूं नका. पाणमांजर उपाशी नदींत राहत नाहीं. तें राहतें तेथें मासे अजून शिल्लक आहेत, ही गोष्ट घरीं वडीलधाऱ्यांस अवश्य सांगा.