खुणेचा अर्थ कोण सांगणार?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. दादीला बीपीची गोळी चालू आहे. नेहमीची पट्टी संपत आली होती. दुकानात ती नव्हती, म्हणून त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची आणली. आधीची गोळी गुलाबी, ही पांढरी. दादीला वाटले, नवे औषध सुरू झाले. ती दोन्ही घेऊ लागली. तिसऱ्या दिवशी वजूला उठली आणि चक्कर येऊन खाली बसली. अल्लाहच्या कृपेने हाड मोडले नाही. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून नाव दाखवले : औषध एकच.

दादीला वाचता येत नाही, असे आम्ही म्हणतो. पण अंगणातली सावली पाहून ती असरची वेळ सांगते. सावलीचा अर्थ तिला तिच्या अम्मीने शिकवला होता. गोळीच्या रंगाचा अर्थ मात्र तिने स्वतःच लावला, कारण आम्ही कुणी तो सांगितलाच नव्हता. रंग ही औषधाची ओळख नव्हे; कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

घरात अशा मुक्या खुणा पुष्कळ आहेत. कित्येक औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. अँटिबायोटिक मनाने घेऊ नयेत म्हणून २०१६ मध्ये सरकारने या रेघेची मोहीमही काढली. तरी शेजारच्या खालाकडची उरलेली गोळी मुलाला देताना ती रेघ कोण पाहतो? बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. तो हलाल असल्याची ती ग्वाही नव्हे. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. आता त्रिकोण आहे, कारण रंगांतला फरक ज्याला दिसत नाही त्यालाही आकार कळतो.

आम्ही दादीच्या डब्यांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले. तिने विचारले, "हा सूर्य फजरनंतरचा की जोहरचा?" आम्ही गप्प. शेवटी तिनेच सकाळच्या डब्याला पांढरा दोरा बांधला, रात्रीच्या डब्याला काळा. तेव्हापासून चूक झालेली नाही.

वाचकहो, आज घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे घेऊन त्यांच्याजवळ बसा. "कळले ना?" असे विचारू नका. "ही कशाची, कधी घ्यायची?" हे त्यांच्याच तोंडून ऐका.