टनांचा हिशेब आणि छपराचा विसर

सन २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींचा जो मुलूख आजवर लहानमोठ्या कामासाठी छिंदवाड्याच्या कचेरीचे उंबरठे झिजवीत होता, त्याच्या दारीच जिल्ह्याचे ठिकाण आले. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या येतात, आणि कचेऱ्यांमागून बँका, दवाखाने, कापडाची दुकाने व मंगल कार्यालये येतात. जाम नदीच्या काठी पांढुर्ण्याच्या समोरच वसलेले सावरगाव या वाढीपासून अलिप्त राहील, असे मानण्याचे कारण नाही. अशा नव्या इमारतीचा पाया खणला जात असतानाच "एसी कोणता, आणि किती टनांचा?" हा प्रश्न मालकाला छळू लागतो, आणि त्याचे उत्तर देण्यास विक्रेता, ठेकेदार व अनुभवी शेजारी असे तिघेही एकाच वेळी पुढे सरसावतात. आमचे म्हणणे असे की, प्रश्न योग्य असला तरी तो अवेळी विचारला जातो, आणि अवेळी विचारल्यामुळेच त्याची प्रचलित उत्तरे बहुधा चुकतात. त्या उत्तरांचा क्रमाने परामर्श घेऊन मग आम्ही आमचा पक्ष मांडू.

पहिला पक्ष ठोकताळ्याचा. शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन धरावा आणि वर "आपल्याकडचे ऊन लक्षात घेता" एखादा टन जास्तच असू द्यावा, हा या पक्षाचा मंत्र. टन म्हणजे ताशी १२,००० ब्रिटिश थर्मल युनिटे, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीबाहेर उपसण्याची शक्ती. आता उष्णता खोलीत येते ती जमिनीच्या चौरस फुटांमधून नव्हे. ती छपरातून, पश्चिमेच्या भिंतीतून, काचेतून, माणसांच्या अंगातून आणि फटींतून शिरणाऱ्या हवेतून येते. तळमजल्यावरचे, दोन्ही बाजूंना दुकाने असलेले आणि उत्तरेकडे तोंड असलेले दुकान, आणि त्याच मापाची, पण उघड्या स्लॅबखालची व पश्चिमेला काच लावलेली वरच्या मजल्यावरची खोली, या दोहोंना ठोकताळा एकच आकडा देतो. मंगल कार्यालयाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. बसलेले माणूस सुमारे सव्वाशे वॅट उष्णता टाकते. म्हणजे पाचशे पाहुणे जमले की केवळ त्यांच्या देहांचा भार साठ किलोवॅटांच्या वर, सतरा-अठरा टनांइतका होतो, आणि तीच जागा रिकामी असताना हा भार शून्यावर येतो. ज्या हिशेबात माणसांची गणतीच नाही, तो हिशेब या दोन अवस्थांतला भेद कसा ओळखणार?

"कमी पडण्यापेक्षा जास्त बरे" हे या पक्षाचे शेवटचे शस्त्र. आणि ते धान्याच्या कोठाराला लागू पडत असले तरी या यंत्राला लागू पडत नाही. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची जी योजना आखली, तिचे मूळ प्रयोजन माणसांना गारवा देणे हे नव्हतेच; दमट हवेने छपाईचा कागद आकसे-फुगे आणि रंग जागेवर बसत नसत, म्हणून हवेतली ओल काढणे हे ते प्रयोजन होते. ओल काढावयाची तर हवा थंड नळ्यांवरून पुरेसा वेळ वाहिली पाहिजे. अवाजवी मोठे यंत्र खोलीचे तापमान काही मिनिटांत खाली आणून थांबते, पुन्हा चालू होते, पुन्हा थांबते; आणि या थांबण्याच्या अवधीत ओल जशीच्या तशी राहते. आषाढ-श्रावणात खोली गार असूनही अंग चिकट का राहते, याचे कारण पुष्कळदा हेच. इन्व्हर्टर यंत्रे आपला वेग कमी करतात हे खरे. परंतु त्या कमी करण्यालाही तळ आहे, आणि यंत्र गरजेच्या दुप्पट असेल तर तो तळ फार लवकर लागतो. शिवाय मोठ्या यंत्रापायी वीज कंपनीकडून जो मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, त्याचा स्थिर आकार थंडीच्या ज्या महिन्यांत यंत्र झाकून ठेवलेले असते त्या महिन्यांतही भरावा लागतो.

दुसरा पक्ष प्रतिष्ठेचा. कूलर ही घरगुती, किंबहुना गरिबाची वस्तू असून व्यापारी इमारतीत तिचे दर्शन होणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे, असे हा पक्ष मानतो. या समजुतीला हवामानाचा आधार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या आसपास जातो. परंतु हवा इतकी कोरडी असते की तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला तर आकडा सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकतो. या दोन आकड्यांमधले वीस अंश म्हणजे निसर्गाने आपल्याला दिलेला बिनव्याजी ठेवा. चांगल्या जाळीचा कूलर त्यातले चार पंचमांश, म्हणजे सोळा अंश काढून घेतो, आणि ४३ अंशांची हवा २७ अंशांवर आणून आत सोडतो. तीही शिळी हवा फिरवून नव्हे, तर बाहेरची ताजी हवा घेऊन. अहमदाबादच्या टॉरेंट संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात निमिष पटेल आणि पारुल झवेरी या वास्तुविशारदांनी ब्रायन फोर्ड यांच्या साहाय्याने हेच तत्त्व मनोऱ्यांतून वापरले: मनोऱ्याच्या माथ्याशी पाण्याचा बारीक तुषार, त्याने जड झालेली थंड हवा आपोआप खाली प्रयोगशाळांत, आणि तापलेली हवा दुसऱ्या मनोऱ्यांतून बाहेर. एका मोठ्या औषध-उद्योगाला जी योजना कमीपणाची वाटली नाही, ती सावरगावच्या कापड दुकानाला कमीपणाची वाटावी, हा केवळ अनुकरणाचा महिमा होय.

येथे कूलरचे कैवारी टाळ्या पिटतील; म्हणून तिसऱ्या, त्यांच्याच पक्षाकडे वळणे भाग आहे. "आमच्या वाडवडिलांनी एसीवाचून दिवस काढले, तेव्हा कूलर पुरे" हे त्यांचे म्हणणे. वाडवडिलांनी दिवस काढले ते जाड मातीच्या भिंतींत, कवेलूंच्या छपराखाली, वाळ्याच्या ताट्या भिजवून. आणि ज्यांना शक्य होते त्यांनी ते येथे काढलेच नाहीत. मध्य प्रांताचे सरकार नागपुरात राहत असे, पण उन्हाळा आला की तेच सरकार दप्तरासह पचमढीच्या थंड हवेत जाई. आजचा दुकानदार सहा इंचांच्या स्लॅबखाली आणि काचेच्या दर्शनी भागामागे बसणार, आणि दाखला मात्र मातीच्या वाड्याचा देणार, हे तर्काला धरून नाही. दुसरे असे की, कूलरचे बळ कोरडेपणात आहे आणि कोरडेपणा बारमाही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामेच्या पात्रात गोटमारीची दगडफेक होते त्या दिवसांतली हवा घ्या. उदाहरणादाखल तापमान ३० अंश आणि ओल्या फडक्याचा आकडा २६ असे धरू. कूलर येथेही आपले चार पंचमांश इमानाने काढतो आणि हवा २७ अंशांवरच आणतो. मे महिन्यातही २७ आणि भाद्रपदाच्या तोंडीही २७; तापमापकाच्या लेखी दोहोंत फरक नाही, पण एका २७मध्ये घाम वाळतो आणि दुसऱ्या २७मध्ये तो वाळण्यास हवेत जागाच उरलेली नसते. जेथे औषधे साठवायची आहेत, शस्त्रक्रिया व्हायची आहे किंवा रात्रंदिवस संगणक चालायचे आहेत, तेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांची जबाबदारी कूलरवर टाकता येणार नाही. आणि कूलर पाणी पितो: एक टन थंडाव्यासाठी तासाला निदान पाच लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. ज्या संत्र्याच्या मुलखात वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात, तेथे हा खर्च जमाखर्चात मांडलाच पाहिजे.

चौथा पक्ष सेंट्रल एसीचा. इमारत व्यापारी म्हटली की तिला एकच मोठे केंद्रीय यंत्र शोभते, सुटे एसी भिंतीवर टांगणे ओंगळ दिसते, हा त्याचा आग्रह. शेकडो टनांच्या रुग्णालयाला किंवा मोठ्या कारखान्याला पाण्याने थंड होणारे केंद्रीय यंत्र, म्हणजे चिलर, काटकसरीचे ठरते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या चिलरच्या थंडाव्याच्या मनोऱ्यातून टनामागे ताशी सुमारे साडेसहा लिटर पाणी वाफ होऊन जाते, आणि क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी मुद्दाम सोडून द्यावे लागते ते वेगळे. शंभर टनांचा असा संच दहा तास पूर्ण भाराने चालला तर वाफेतच साडेसहा हजार लिटर जातात. दुसरीकडे, दहा गाळ्यांच्या लहानशा इमारतीत आठ गाळे बंद असताना दोघांसाठी मोठे यंत्र चालवणे, किंवा ते बंद पडले म्हणजे दहाही गाळ्यांनी घाम पुसत नागपुराहून येणाऱ्या मेकॅनिकची वाट पाहणे, यात कसली शोभा? एकाच बाहेरच्या संचावर अनेक खोल्या चालवणारी व्हीआरएफ पद्धती या अडचणीवर अंशतः उतारा आहे. तथापि तिचे सुटे भाग आणि तिची दुरुस्ती जाणणारा माणूस किती कोसांवर आहे, हे विचारल्यावाचून तिचा करार करू नये.

पाचव्या पक्षाला, म्हणजे सर्वांत कमी दरपत्रक स्वीकारणाऱ्याला, फार शब्दांची गरज नाही. यंत्राची किंमत एकदा देतात, विजेचे बिल दरमहा देतात. आणि दुकानात यंत्र घरच्यापेक्षा कितीतरी अधिक तास चालते, म्हणून वीजबचतीच्या जास्त ताऱ्यांसाठी मोजलेला किमतीतला फरक घरापेक्षा दुकानात लवकर वसूल होतो.

इतके खंडन झाल्यावर "मग करावे तरी काय?" असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर असे की, यंत्राची निवड सर्वांत शेवटी करावी, आणि पहिली निवड इमारतीची करावी. पांढुर्ण्याचा प्रदेश कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेस आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास भर दुपारचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. याचा अर्थ, ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागत नाही आणि जे काही शत्रुत्व आहे ते छपराचे व पश्चिमेचे आहे. हजार चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरांचे उघडे स्लॅबचे छप्पर घेतले, आणि तापलेल्या पृष्ठभागात व आतल्या खोलीत सरासरी २५ अंशांचा फरक धरला, तर त्यातून सुमारे सात किलोवॅट, म्हणजे दोन टन उष्णता सतत खाली झिरपते. त्याच स्लॅबवर दोन इंच जाडीचा चांगला उष्णतारोधक फेस बसवून वर पांढरा थर दिला, तर नुसत्या फेसानेच हा ओघ सुमारे एक तृतीयांश टनावर येतो, आणि पांढरा थर तो आणखी घटवतो. म्हणजे दीड टनाहून अधिक यंत्र विकत घेण्याआधीच अनावश्यक झाले. त्याची किंमत वाचली, त्याचा मंजूर भार वाचला, आणि त्याची दुरुस्तीही वाचली. पश्चिमेला जिना, भांडार आणि स्वच्छतागृहे ठेवावीत. काच हवीच असेल तर ती उत्तरेला लावावी.

त्यानंतर वर्षाचा हिशेब मांडावा. होळीपासून मृगापर्यंतचे कोरडे महिने कूलरचे, मृगापासून पितृपक्षापर्यंतचे दमट महिने यंत्राचे, आणि थंडीचे महिने उघड्या खिडक्यांचे, अशी वाटणी केली की कोणत्या खोलीला काय हवे हे आपोआप उलगडते. माणसांची ये-जा असलेले दालन, भोजनाचा मंडप, माल उतरवण्याची जागा यांना मोठे डक्ट कूलर द्यावेत, मात्र जितकी हवा आत येते तितकी बाहेर जाण्यास वाट ठेवावी. ती वाट नसेल तर मे महिन्यातही कूलर खोलीचे तळघर करून टाकतो. औषधांची खोली, शस्त्रक्रियेचे दालन, संगणकांची जागा व मालकाची बैठक बंदिस्त करून तेथेच एसी बसवावा. आणि ज्या दालनात श्रावणातही गर्दी होणार, तेथे दोन्ही ठेवावेत, पण एकाच वेळी चालवू नयेत, कारण एकाने ओतलेली ओल दुसऱ्याला उपसावी लागते. मंगल कार्यालयाला तीन-चार डक्टेबल संच असावेत, म्हणजे पन्नास माणसांच्या साखरपुड्याला एक आणि पाचशेंच्या लग्नाला सगळे चालवता येतील. राहिला प्रश्न तापमान किती ठेवावे याचा: १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर लावून येऊ लागले, ते उगीच नव्हे. छताचा पंखा सोबत असेल तर २६ अंशही पुष्कळ होतात.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की, हा सारा शहाणपणा मोठ्या शहरांसाठी आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. त्याखालील इमारत संहिता २००७ साली आली, २०१७ साली सुधारली गेली, आणि तिच्यात यंत्राइतकेच छप्पर, भिंत व काच यांनाही नियम आहेत. पण ती लागू होते शंभर किलोवॅटच्या वर जोडभार असलेल्या इमारतींना. मोठ्या शहरातल्या टोलेजंग इमारतीला हा हिशेब करण्यास निदान कायदा तरी भाग पाडतो. आमच्या दोन मजली इमारतीला विचारणारा अंमलदार येणार नाही, म्हणून तो हिशेब मालकानेच मागितला पाहिजे. त्याने विक्रेत्याला एवढेच सांगावे की, दरपत्रकाआधी प्रत्येक खोलीचा उष्णताभार मे महिन्याचा वेगळा आणि ऑगस्टचा वेगळा असा लिहून द्या, त्यात छपराचा वाटा किती तेही दाखवा, आणि कागदावर सही करा. जो असा कागद देतो त्याच्याशी भावाची घासाघीस करावी. जो देत नाही, त्याचा भाव कितीही कमी असला तरी त्याला चहा पाजून निरोप द्यावा.