जुन्या नंदीलाही बक्षीस द्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपला तान्हा पोळा असतो. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगतात. आपण लाकडी नंदी सजवून नेतो आणि घरोघरी बोजारा मागतो. पण बक्षीस मिळते ते उंच, नव्या नंदीला. हे मला पटत नाही.

आमचा नंदी आबाजींच्या लहानपणचा, सागवानी आहे. त्याचा एक पाय चिरला. बाबा म्हणाले, उमरेडच्या बाजारातून नवा आणू. मी म्हटलं, नको जी! आधी चिरेतला जुना रंग खरवडला, कारण रंगावर फेविकॉल नीट धरत नाही. वाढईकाकांनी करवतीचा बारीक भुसा दिला. नुसता फेविकॉल वाळला की आकसतो अन् खाच राहते, म्हणून त्यात भुसा कालवून चिरेत दाबून भरला. वरून पाय सुतळीने आवळला. पावसाळी हवा, म्हणून दोन दिवस हात लावला नाही. ओले घासले तर पॉलिशपेपरच भरून जातो. मग आधी जाड, नंतर बारीक पेपरने लाकडाच्या रेषेने घासले. आडवे घासले की ओरखडे रंगातूनही दिसतात बरं!

नवा नंदी पैसे दिले की येतो. ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याने काय करावे? म्हणून दुरुस्त केलेल्या नंदीला वेगळे बक्षीस ठेवा. परीक्षकांनी डोळे मिटून पायावरून बोट फिरवावे. सांधा बोटाला लागला नाही, तर नंबर द्यावा.