संकेतस्थळ मराठी केव्हा होते?

आपल्या बृहन्महाराष्ट्रातील मंडळांना व वाचनालयांना स्वतःचे संकेतस्थळ असावेसे वाटते, ही इच्छा स्तुत्य आहे. मात्र काम एखाद्या जाणकार तरुणाकडे सोपवून रंग तेवढे पसंत केले की कार्यकारिणीचे कर्तव्य संपले, अशी समजूत आढळते. ती आम्हांस मान्य नाही. कारण येथे भाषेचाच प्रश्न गुंतलेला आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये या जाळ्याची योजना मांडली व पुढे त्यासाठी एचटीएमएल ही खुणांची भाषा घडविली. हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र, असे त्या खुणा सांगतात. शाळेत आम्ही मुलांना वाक्यातील शब्दांचे व्याकरण चालवावयास लावतो, त्याच जातीचे हे काम. अक्षरांचा आकार, रंग, ओळींमधील अंतर हा अलंकारांचा भाग सीएसएस या दुसऱ्या भाषेकडे असतो. तिचे पहिले प्रमाणरूप १९९६ मध्ये निश्चित झाले. आशय व अलंकार निरनिराळे ठेवल्याने मजकुरास धक्का न लावता रूप पालटता येते.

या खुणा हाताने लिहाव्यात अथवा ड्रीमवीव्हर, वर्डप्रेस यांसारख्या साधनांकडून लिहवून घ्याव्यात. साधने येतात आणि जातात. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज असेच मागे पडले. टिकतो तो मजकूर. पण तो खरोखर मराठी अक्षरांचा असेल तरच!

पूर्वी अनेक टंकांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसविलेले असत. तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर अशा पानाची निरर्थक चिन्हे होतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग दिला. त्यात आपल्या ‘ळ’लाही स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या स्मरणिकांची नुसती छायाचित्रे चढविणे हाही अर्धाच उपाय होय. चित्रातील अक्षरे डोळ्यांना दिसतात, पण शोध घेणाऱ्या नातवाला आजोबांचे नाव त्यात सापडेलच, याची शाश्वती नाही.

आणखी एक बाब हिंदी मुलखात राहणाऱ्या आम्हां माळव्यातील मराठी मंडळींच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. पानाच्या आरंभीच्या खुणेत भाषेचे नाव द्यावयाचे असते: हिंदीसाठी ‘एचआय’, मराठीसाठी ‘एमआर’. लिपी एकच असल्याने ही दोन अक्षरे मोलाची ठरतात. ज्या टंकात तशी योजना आहे, त्यात ‘एमआर’ लिहिताच दंडाच्या ‘ल’ऐवजी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ उमटतो. अंध वाचकांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनालाही मराठी आवाज निवडावा हे कळते. एरवी हिंदी आवाजात ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे ‘ग्यानेश्वर’ व्हावयाचे!

दोन तांत्रिक सूचना. इंग्रजी पानांवर शोभेसाठी अक्षरे विरळ करतात. तसे देवनागरीत केल्यास शिरोरेषा तुटते. तसेच वर वेलांटी व खाली उकार असल्याने आपल्या ओळींना अधिक अंतर लागते.

तेव्हा कार्यकारिणीने काम स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मजकूर युनिकोडमध्ये आहे काय? पानावरील शब्द शोधल्यास सापडतो काय? आणि भाषेच्या खुणेत मराठीचे नाव आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तरच ते संकेतस्थळ मराठी म्हणावे. रंग मागाहून ठरविता येतील.