नाव गावाला विचारा, मग पाटी रंगवा

मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ नागपूरच्या बर्डीवरच्या साहित्य प्रसार केंद्रानं छापला. त्यातली कुठलीही नोंद काढा. शास्त्रीय नाव आहे, इंग्रजी आहे, संस्कृत-हिंदी आहे. आणि मराठी नाव एकच नाही, कोणत्या मुलखात काय म्हणतात तेही दिलेलं आहे. वनखात्यात असताना नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या रानांत त्यांनी आदिवासींना, ढिवरांना, गुराख्यांना विचारून हे शब्द गोळा केले. 18 जून 2025 रोजी ते गेले, तेव्हा ‘अरण्यऋषी’ म्हणून भरभरून लिहिलं गेलं. त्यांनी जमवलेली नावं आपण वापरतो का, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

मला विचाराल तर नाही वापरत. ताडोबाच्या मोहर्ली फाटकातून जिप्सी आत शिरली की गाईड हळू आवाजात सांगू लागतो: ब्लू बुल, बार्किंग डिअर, वाइल्ड डॉग. तोच माणूस घरी रोही म्हणतो, भेडकी म्हणतो, रानकुत्रा म्हणतो. नागपूरहून आलेल्या मराठी कुटुंबालाही तो इंग्रजीच ऐकवतो, कारण प्रशिक्षणात तेच शिकवलं आणि पर्यटकही त्यालाच ज्ञान समजतो. ताडोबातली माया वाघीण कुणाची होती, तिचे बछडे कोणते, हे आपल्या पोरांना तोंडपाठ असतं. समोर चरणाऱ्या जनावराला या मातीत काय म्हणतात ते त्यांना सांगायला कुणी नाही.

‘रोही’चंच बघा. पुस्तकात नीलगाय. हा प्राणी गाय नव्हे, कुरंगांच्या गटातला. पण नावात गाय आली आणि तिच्याबरोबर भावनाही आल्या. शेजारच्या मध्य प्रदेशात त्याला ‘रोजड’ म्हणावं, असा प्रयत्न सरकारी पातळीवर झाला तो त्यामुळेच. विदर्भातल्या शेतकऱ्याला हा गुंता कधी पडला नाही. तूर-हरभरा फस्त करणारा तो रोही, एवढं त्याला पक्कं ठाऊक. पीकनुकसानीच्या शासकीय कागदांतही म्हणूनच ‘रोही (नीलगाय)’ असं लिहिलेलं सापडतं. शेतकऱ्यानं आपला शब्द सरकारला घ्यायला लावला. मला याचा अभिमान वाटतो. बिबट्याला आपण ‘बिबट’ म्हणतो, तेही नागपूरच्या बातम्यांतून टिकून आहे. पुण्याच्या वळणाचा ‘बिबट्या’ इथं आणायची काही गरज नाही.

गावानं ठेवलेल्या नावात निरीक्षण असतं. कोतवाल हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. विणीच्या दिवसांत तो घरट्याजवळ कावळ्याला, घारीला फिरकू देत नाही, अंगावर धावून जातो. त्यामुळे दुबळे पक्षी त्याच झाडावर घरटी बांधतात आणि त्याच्या पहाऱ्यात पिल्लं वाढवतात. पक्षिशास्त्रज्ञ हे आता नीट मांडतात. ज्यानं त्या पक्ष्याला पहिल्यांदा कोतवाल म्हटलं, त्यानं हे शेताच्या बांधावर बसून पाहिलं होतं. किडे टिपायला तो शेतात यावा म्हणून काठ्या रोवणारा शेतकरीही आहेच. ‘ब्लॅक ड्रोंगो’ म्हटल्यावर यातलं काय कळतं? तांबट, पावशा, टिटवी, रातवा: ज्याचा आवाज, ज्याची वेळ, त्यावरून त्याचं नाव. आणि काही नावं मुद्दाम टाळलेली. रात्री साप निघाला तर खेड्यात ‘जनावर’ निघालं म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात. भीती आणि आदर दोन्ही त्यात आहेत.

हे फक्त मराठीपुरतं नाही. मेळघाटात कोरकू माणूस वाघाला ‘कुला’ म्हणतो. व्याघ्र प्रकल्प त्याच्याच रानात झाला, पण फलकांवर त्याचा शब्द शोधावा लागतो. गोंडी, माडिया यांचीही तीच गत.

महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपुरातच आहे. या मंडळानं फुलपाखरांना मराठी नावं दिली, ते मी मनापासून चांगलं काम मानतो. बहुतेक फुलपाखरांना आपल्याकडे वेगळं नावच नव्हतं. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं ‘नीलवंत’ आता मुलांच्या तोंडी बसतंय. पण जिथं गावाचं नाव आधीपासून आहे, तिथं समितीनं नवं घडवू नये. नीलवंताला ‘राणी पाकोळी’ही म्हणत, ती राणीही यादीत राहू द्यावी.

नावं जपण्याचं उदाहरण आयर्लंडचं घ्या. तिथं आयरिश भाषेत लांडग्याला ‘मॅक टीरे’ म्हणतात, भूमीचा पुत्र. तिथला शेवटचा लांडगा 1786 च्या सुमारास मारला गेला असं मानतात. शब्द आजही शिकवला जातो. पाणमांजराला ते पाण्यातला कुत्रा म्हणतात, आपल्याला त्यात मांजर दिसलं. त्या भाषेवर इंग्रजीचा घाला आपल्यापेक्षा कितीतरी जबर पडला, तरी तिथं हे शब्द वेचून नव्या पिढीच्या हाती दिले जात आहेत. आपला लांडगा तर अजून विदर्भाच्या माळावर जिवंत आहे, आणि त्याला ओळखणारा धनगरही.

म्हणून दोन मागण्या आहेत. नागपूरचं महाराजबाग प्राणिसंग्रहालय बर्डीला लागून आहे, कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि तिथं शाळांच्या सहली येतात. तिथल्या प्रत्येक पिंजऱ्यापुढं इथलं वऱ्हाडी-झाडीतलं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात असावं. खाली गोंडी आणि कोरकू, मग हिंदी, इंग्रजी, शास्त्रीय. दुसरी मागणी वनखात्याकडे. गाईडच्या प्रशिक्षणात एक पूर्ण दिवस नावांसाठी ठेवा आणि त्या दिवशी शिकवायला मोहर्ली, नवेगाव, कोलकास भागातल्या वयस्क गुराख्यांना, ढिवरांना, मध गोळा करणाऱ्यांना बोलवा. बाहेरच्या तज्ज्ञाला जेवढं मानधन देता, तेवढंच त्यांनाही द्या.