नांवाची पट्टी आणि तिचे विकार

एका चुलीवर दहा-बारा माणसें जेवतात त्या घरांत दिवसांतून सर्वांत अधिक वेळां कोणता प्रश्न विचारला जातो, असें पुसल्यास बहुतेक गृहिणी एकच उत्तर देतील : ‘अमुक जिन्नस कोणत्या डब्यांत आहे?’ या प्रश्नाचें उत्तर बहुधा घरांतील एकाच व्यक्तीच्या स्मरणांत असतें. ती व्यक्ति चार दिवस यात्रेस गेली, किंवा दुर्दैवानें तिला रुग्णालयांत राहावें लागलें, कीं सारें कोठार मुकें होतें. धाकट्या सुनेनें भगरीचें पीठ म्हणून तांदळाचें पीठ काढावें आणि एकादशीच्या फराळास बसलेल्या वडीलधाऱ्यांचा उपास मोडावा, हें तिच्या निष्काळजीपणामुळें होत नाहीं. त्या डब्यास नांव नव्हतें म्हणून होतें. डब्यावर नांव लावणें म्हणजे एकाच्या डोक्यांतील ज्ञान सर्वांच्या मालकीचें करणें होय.

हें काम करण्यासाठीं हातांत मावणारें, अक्षरें छापून चिकटपट्टी बाहेर टाकणारें यंत्र हल्लीं पुष्कळ घरांत आलें आहे. ‘लेबल मेकर’ या नांवानेंच तें बाजारांत ओळखलें जातें. घेतल्यावर महिना-दोन महिने उत्साह असतो. पुढें ‘छापत नाहीं’, ‘चिकटत नाहीं’, ‘अक्षरें उडालीं’ अशा तक्रारी सुरू होतात, व यंत्र कपाटांत जाऊन पडतें. परंतु यंत्र बिघडलें असें जेव्हां म्हटलें जातें, तेव्हां पुष्कळदां तें निरोगी असतें. यास्तव वैद्यकांत जसें आधीं निदान व मग चिकित्सा, तोच क्रम येथें धरूं.

प्रथम आपलें यंत्र कोणत्या जातीचें आहे तें पाहावें. पहिली जाति उठावाची. अमेरिकेंतील डायमो कंपनी १९५८ सालीं निघाली ती असल्याच यंत्रासाठीं. चाक फिरवून अक्षर समोर आणावयाचें व मूठ दाबावयाची. प्लास्टिकची पट्टी तेथें ताणली जाऊन पांढरी पडते व अक्षर उठून दिसतें. दुसऱ्या जातींत पट्टीवरच एक लेप असतो व तो उष्णतेनें काळा होतो. तिसऱ्या जातींत काळा रंग एका बारीक फितीवरून उष्णतेनें उतरतो व त्यावर पारदर्शक पापुद्रा बसतो. जपानच्या ब्रदर कंपनीच्या पी-टच यंत्रांतील टीझेडई पट्टी या प्रकारची आहे. दुसरी कीं तिसरी, याविषयीं संशय असल्यास पट्टीचा टाकाऊ तुकडा उकळत्या पाण्याच्या भांड्यास टेकवून पाहावा. तो काळवंडला तर बहुधा दुसरी जाति समजावी. तिन्ही जातींत पातळ शाई मुळींच नसते. तेव्हां ‘शाई संपली’ हें निदान सर्वथा चुकीचें होय.

आतां विकार पाहूं. अक्षरें फिकट येतात किंवा छापतां छापतां यंत्र बंद पडतें, याचें कारण बहुधा सेल. पडदा उजळतो म्हणून सेल चांगले आहेत असें मानूं नये. पडद्यास वीज थोडी लागते, छपाईच्या तापणाऱ्या शीर्षास पुष्कळ लागते. सर्व सेल एकदम बदलावे, जुने व नवे मिसळूं नयेत. महिनाभर यंत्र वापरावयाचें नसेल तर सेल काढून ठेवावे. पाझरलेला सेल आंतील धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो.

पट्टीच्या सबंध लांबीभर एक बारीक पांढरी रेघ उमटत असेल, तर छपाईच्या शीर्षावर धूळ किंवा गोंद बसला आहे असें जाणावें. यंत्र बंद करून कॅसेट काढावी, कापसाची काडी शुद्ध स्पिरिटांत किंचित् भिजवून शीर्षावरून हलकेंच फिरवावी व पूर्ण वाळूं द्यावें. सुई, चाकू किंवा नख लावूं नये. एवढें करूनही रेघ राहिली, तर शीर्षाचा तेवढा बिंदु निकामी झाला आहे. मग दुरुस्तीवांचून गति नाहीं.

अक्षरें चेपल्यासारखीं उमटतात, याचें कारण पुष्कळ वेळां आपलाच हात. पट्टी बाहेर येत असतां तिच्या तोंडाशीं बोट आलें कीं तिची चाल अडते. आणि ती ओढली तर अक्षरें ताणलीं जातात. छपाई पुरी होऊन पट्टी थांबेपर्यंत तिला स्पर्श करूं नये. पट्टी आंत अडकल्यास कॅसेट काढून फितीचा ढिलेपणा पाहावा. बाणाच्या दिशेनें चकती पेन्सिलीच्या टोंकानें फिरवून ती ताठ करावी व कॅसेट ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसवावी. कोरीच पट्टी बाहेर आली तरी प्रथम हेंच तपासावें.

प्रत्येक नांवाआधीं सुमारें २५ मिलिमीटर कोरी पट्टी वायां जाते, ही तक्रारही वारंवार कानीं येते. छपाईचें शीर्ष व कातर यांमध्यें तेवढें अंतर असतें, म्हणून तसें होतें; हा बिघाड नव्हे. एकेक नांव न छापतां आठ-दहा नांवें मध्यें जागा सोडून एकाच ओळींत छापावीं व मागाहून कात्रीनें कापावीं. पट्टीचा मूळचा काटकसरीपणा त्यांत साधतो.

चिकटत नाहीं, या तक्रारींत दोष बहुधा डब्याचा असतो. फोडणीजवळच्या डब्यांवर तेलाचा अदृश्य थर असतो, आणि आपल्या खान्देशांत उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर येणारी धूळ त्यावर बसते. डबा साबणानें धुवावा, कोरडा करावा, शक्य तर स्पिरिटानें पुसावा, मग पट्टी लावून अंगठ्यानें मधून कडेकडे दाबावी. शीतकपाटांत ठेवावयाच्या बरणीस पट्टी बाहेर असतांना, बरणी कोरडी करून लावावी; दंव आलेल्या कांचेवर गोंद धरत नाहीं. पट्टीचे कोपरे कात्रीनें किंचित् गोल केल्यास ते लवकर सुटत नाहींत.

मराठीचा प्रश्न निराळा आहे. कळांच्या पुष्कळ यंत्रांवर केवळ रोमन अक्षरें असतात. मग ‘मेथी’ व ‘मेतकूट’ यांचीं नांवें परक्या वेषांत लिहावीं लागतात, आणि घरांतील ज्या आजींसाठीं हा खटाटोप, त्यांनाच तीं वाचतां येत नाहींत. दूरध्वनीस जोडून चालणाऱ्या यंत्रांत मात्र पडद्यावर दिसतें तेंच चित्ररूपानें उमटतें, म्हणून देवनागरी चालते. तेथेंही दोन गोष्टी पाहाव्या. एक, जोडाक्षरें पडद्यावर तुटलेलीं तर दिसत नाहींत ना. तुटत असल्यास अक्षरांचा ठसा बदलावा. दुसरी, वेलांटी वरून व उकार खालून छाटला तर जात नाहीं ना. बारा मिलिमीटरच्या पट्टीवर दोन ओळी कोंबण्यापेक्षां एकच ओळ ठेवावी.

येथवर सांगितलेले विकार गैरसोयीचे आहेत, घातक नव्हेत. घातक विकार पुढेंच आहे.

जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. गच्चीवरील पत्र्याच्या खोलींत किंवा पश्चिमेच्या खिडकींतील फळीवर याहून अधिक ताप असतो. दुसऱ्या जातीच्या पट्टीचा लेप प्रकाशानें व काळानें फिका होतो, तेलानें व स्पिरिटानें उडतो, आणि फार तापल्यास सगळीच पट्टी काळवंडते. चैत्रांत लावलेलें नांव पुढल्या चैत्रांत वाचतां येईल, असा भरंवसा देतां येत नाहीं. कोऱ्या डब्याविषयीं मनुष्य संशय घेतो, वास घेऊन पाहतो. परंतु अर्धवट उडालेल्या नांवावर तो अंदाज बांधतो. ‘...सोडा’ एवढेंच उरलें, तर तो खाण्याचा कीं धुण्याचा? धुण्याचा सोडा पोटांत गेल्यास तोंड व घसा यांस इजा होऊं शकते, आणि कॉस्टिक सोडा तर जीवावरच बेततो. अमरसिंहानें आपल्या कोशाचें नांव ‘नामलिंगानुशासन’ ठेविलें. त्यांत एका वस्तूचीं अनेक नांवें शिकावयाचीं. स्वयंपाकघरांत भय उलट आहे : एक नांव व अनेक वस्तु.

यास्तव तीन नियम प्रत्येक घरानें पाळावे. विषारी वा दाहक वस्तु खाण्याच्या जिनसाच्या डब्यांत कदापि भरूं नये. पट्टी कितीही स्पष्ट असली तरी न वाचतां येणारें मूल घरांत असतेंच. औषधें त्यांच्या मूळ वेष्टनांतच राहूं द्यावीं; पट्टी लावावयाची ती कोणाचें औषध व केव्हां घ्यावयाचें एवढ्यापुरती, आणि मुदतीची तारीख तिच्याखालीं झांकूं नये. तिसरा नियम असा कीं, डब्यांतील वस्तु जो बदलील त्यानेंच त्याच वेळीं पट्टी काढावी. ऊन, तेल किंवा औषध यांचा संबंध येईल तेथें तिसऱ्या जातीची पापुद्र्याची पट्टी वापरावी. दुसऱ्या जातीची पट्टी मुलांच्या वह्या व तात्पुरते खोके यांस पुरेशी आहे.

नांवाबरोबर वर्ष घालण्यासही विसरूं नये. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालच्या अखेरीस धुळ्यास वारले व १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें निघालें. त्यांनीं गांवोगांव हिंडून जीं जुनीं पत्रें मिळविलीं, तशा पत्रांतून तिथि असते, महिना असतो, पण वर्ष पुष्कळदां नसतें. लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास तें ठाऊक होतें, म्हणून लिहिलें नाहीं. पुढें एका पत्राचें साल ठरविण्यास पंडितांस किती खटपट पडली! ‘कैरीचें लोणचें’ एवढेंच लिहिलेली बरणी त्याच जातीची. यंदाचें कीं गेल्या सालचें, हें ज्यांना ठाऊक आहे त्या माजघरांत नेहमींच नसणार.

धुळ्याचा विषय निघालाच आहे, म्हणून आणखी एक सूचना. शंकर श्रीकृष्ण देवांनीं १८९३ सालीं काढलेल्या सत्कार्योत्तेजक सभेचें समर्थ वाग्देवता मंदिर तेथेंच आहे व रामदासी हस्तलिखितांचा मोठा संग्रह त्यांत आहे. अशा पोथ्या, कुंडल्या, खरेदीखतें आपल्याही घरांत असतात. त्यांच्या अंगास ही चिकटपट्टी लावूं नये. गोंद कागदांत मुरतो, पिवळा पडतो, आणि पट्टी काढतांना अक्षरांसकट कागद निघतो. पूर्वींचे लोक पोथी बासनांत बांधीत, पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधले जात. कागदास इजा न करतां नांव बाहेर ठेवण्याची ती रीत आजही उत्तम आहे. पेन्सिलीनें लिहिलेली चिठ्ठी आंत ठेवावी आणि यंत्राची पट्टी बाहेरच्या पेटीस लावावी.

शेवटीं, हें काम केव्हां करावें? आखाजी हा मला योग्य दिवस वाटतो. लेकी माहेरीं आलेल्या असतात, वर्षाचें लोणचें अद्याप घालावयाचें असतें, आणि उन्हानें कोणती पट्टी टिकली व कोणती नाहीं हें तेव्हांच प्रत्यक्ष दिसतें. सासूबाईंनीं नांवें सांगावीं, सुनांनीं छापावीं, मुलांनीं चिकटवावीं. पुण्याहून आलेली सून जिला ‘वरीचे तांदूळ’ म्हणते तिलाच आपण भगर म्हणतों. तेव्हां डब्यावर कोणतें नांव असावें, हेंही त्या दिवशीं सर्वांनीं मिळून ठरवावें. जिला कोठार ठाऊक आहे तिच्या तोंडून तें सारें एकदां उतरून घेतलें, म्हणजे तिलाही चार दिवस निर्धास्तपणें यात्रेस जातां येईल.